चार वॅटचा ॲम्प आणि बारा इंची स्पीकर: सोलापुरातल्या एका दिवाणखान्याचं प्रकरण

मामांचा फोन आला तेव्हा एप्रिल अर्धा सरला होता. “विलंबितापर्यंत सोनं आहे बघ. द्रुत सुरू झाली, तबला चढला, की आवाज फाटतोय. एकदा येऊन ऐकून जा.”

मी जुळे सोलापुरात राहतो, तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मामा गावात, जुन्या पेठेत. घर वडिलोपार्जित, दोन फूट जाडीच्या भिंतींचं. माळवद उतरवून वर स्लॅब टाकला तरी खाली शहाबादी फरशी तीच. दिवाणखाना अठरा फूट बाय अकरा. एका भिंतीला कपाटात तीनेकशे एलपी, त्यांतल्या बहुतेक ख्यालगायनाच्या, थोड्या नाट्यसंगीताच्या. सोलापूरहून होटगी-विजापूर करत गाडी गदग-हुबळीकडे जाते आणि मामांच्या कपाटाची वाटही तीच आहे: भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर.

प्रकरण सविस्तर मांडतो, कारण कमी वॅटचा ॲम्प घेऊन किंवा बनवून निराश झालेली माणसं मला सारखी भेटतात. जवळजवळ प्रत्येकाने दोष ॲम्पच्या माथी मारलेला असतो.

मामांचा ॲम्प त्यांच्या मित्राने बनवलेला. ते गृहस्थ नवी पेठेत रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवायचे. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून, रोज संध्याकाळी थोडं थोडं करत, तो उभा केला. एका बाजूला एक ईएल ८४ व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातली, संकेत मोठा करणारी काचेची नळी), त्याच्या आधी ईसीसी ८३ हा छोटा व्हॉल्व्ह, वीज एकदिश करायला डायोड, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळलेले. ईएल ८४ हा फिलिप्स-मुलार्डचा १९५३ सालचा व्हॉल्व्ह. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही तो बनायचा आणि मामांच्या ॲम्पमध्ये त्यांचीच जोडी आहे. एकटा ईएल ८४ क्लास ए मध्ये, म्हणजे सतत चालू ठेवून, वापरला तर कागदावर साडेपाच वॅटच्या आसपास मिळतात, तेही दहा टक्के विकृती सोसून. स्वच्छ म्हणावेत असे चारच.

ॲम्प पूर्ण झाल्यावर वर्षभरात ते मित्र गेले. मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “हा बदलायचा नाही. बाकी काय वाटेल ते कर.” एरवी पहिला सल्ला मीही “मोठा ॲम्प घ्या” असाच दिला असता. तो रस्ता बंद होता, म्हणूनच दुखणं खरोखर कुठे आहे ते शोधावं लागलं.

स्पीकर बुकशेल्फ जातीचे, चांगल्या कंपनीचे, खालच्या सुरांना पाच इंची वूफर आणि वरच्या सुरांना एक इंची रेशमी ट्विटर. दिसायला देखणे, दिवाणाच्या दोन्ही अंगांना स्टँडवर. मामीला ते पसंत होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

लोकांनी काय काय सांगितलं

मी पोचण्याआधी तीन निदानं झाली होती. एकाने व्हॉल्व्ह उतरलेत म्हणून नवी जोडी मागवायला सांगितलं. दुसऱ्याने सुई झिजली असं सांगितलं आणि मामांनी स्टायलस बदललीही. तिसऱ्याचं म्हणणं, सोलापूरची वीज अशी, दुपारी २०५ व्होल्ट तर मध्यरात्री २५०, तर असं होणारच. तिन्ही शंका मूर्खपणाच्या नव्हत्या, प्रत्येकीने आवाज फाटू शकतो. पण सुई झिजली असती तर फाटलेपण आवाज कमी ठेवूनही ऐकू आलं असतं, विशेषतः तबकडीच्या आतल्या चऱ्यांत. मामांचं फाटणं आवाजाच्या कळीबरोबर यायचं आणि जायचं. कळ नऊच्या काट्यावर असली की सगळं निर्मळ, अकराच्या पुढे गेली की चिरकायला सुरुवात.

एप्रिलमध्येच हे का सुरू झालं, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला. उत्तर डोक्यावर फिरत होतं. थंडीत पंखा बंद असतो. एप्रिलात सोलापूर एक्केचाळीस-बेचाळीसला जातं, पंखा पाचवर असतो, आणि मामा नकळत आवाज वाढवत नेतात. एका साउंडवाल्या मित्राकडून ध्वनिपातळीचा मीटर आणला. खुर्चीपाशी पंखा पाचवर असताना ५० डेसिबल, दोनवर ४१. म्हणजे फक्त पंख्यावर मात करायला मामांना आवाज नऊ डेसिबलने वर न्यावा लागत होता. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात, म्हणून नऊ डेसिबल म्हणजे आठपट वॅट. ज्याच्याकडे मुळात चारच आहेत त्याने हे कुठून आणायचे?

खुर्चीपाशी किती पोचतं

हिशेब जमिनीवर बसून, वहीत केला. तो इथे पूर्ण देतो, कारण कुणालाही आपल्या घरी करता येतो.

स्पीकरच्या मागच्या पट्टीवर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली की किती मोठा आवाज निघतो ते, लिहिलं होतं: ८६ डेसिबल, २.८३ व्होल्टला, एक मीटरवर. ६ ओहम. २.८३ हा आकडा विचित्र वाटतो, पण ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की बरोबर एक वॅट होतो. स्पीकर ६ ओहमचा असेल तर त्याच व्होल्टला १.३३ वॅट जातात आणि ४ ओहमचा असेल तर दोन. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरवर छापलेला आकडा खऱ्या एक वॅटच्या मानाने तीन डेसिबल फुगलेला असतो. ट्रान्झिस्टर ॲम्पवाल्याला याचं सोयरसुतक नाही, त्याचा ॲम्प ४ ओहमवर जास्त वॅट काढून देतो. व्हॉल्व्हचा ॲम्प देत नाही. ट्रान्सफॉर्मरचं योग्य टोक जोडलं तरी चारचे चारच. मामांचा स्पीकर खऱ्या एक वॅटला ८५ धरायचा.

खुर्ची तीन मीटरवर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरात साडेनऊ डेसिबल घटतात. खोलीत भिंती थोडं परत देतात आणि स्पीकर दोन असतात, त्यामुळे घट चारच्या आसपास राहते. मी खोलीत मोजलं तेव्हा चारच आली. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक वॅट दिला की खुर्चीपाशी ८१. चार वॅट म्हणजे दोनदा दुप्पट, सहा डेसिबल वर, ८७. इथे छप्पर लागलं.

मामा ऐकतात ती सरासरी पातळी ७८ निघाली. ती फार नाही, गायक समोर मध्यम अंतरावर बसलाय इतपत. ७८ साठी अर्धा वॅट लागतो. मग अडलं कुठे? अडलं सरासरीच्या वर. नीट ध्वनिमुद्रित केलेल्या मैफलीत तबल्याची चाट, समेवरचा ठोका, तानेचं वरचं टोक हे सरासरीच्या पंधरा-सोळा डेसिबल वर सहज उडी घेतात, सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते का होईना. ७८ अधिक १६ म्हणजे ९४. ८१ वरून ९४ ला जायला तेरा डेसिबल हवेत, म्हणजे वीस वॅट. हातात चार.

ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र, लावला तेव्हा हेच डोळ्यांना दिसलं. लाटेचं शिखर साधारण आठ व्होल्टपाशी येऊन सपाट होत होतं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. एका व्हॉल्व्हच्या ॲम्पचं हे लक्षण आहे. तो एकदम कापत नाही, एका अंगाने दबत जातो, म्हणून विलंबितात तो दोष गोडव्यासारखा वाटतो आणि द्रुतमध्ये तबला, पेटी, गळा असे तिघे एकदम आले की सगळं एकमेकांत कालवलं जातं. मामा जवळ येऊन पडद्याकडे बघत राहिले. “म्हणजे बिचारा पूर्ण जीव लावून गायलालाय,” एवढंच म्हणाले. सपाट शिखराचं इतकं नेमकं वर्णन माझ्या वर्गात अजून कुणी केलेलं नाही.

पडताळा म्हणून एका संध्याकाळी साठ वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प आणला. आवाज मीटरने बरोबर जुळवून घेतला, नाहीतर जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. फाटणं साफ गेलं. निदान पक्कं झालं: रेकॉर्ड, सुई, व्हॉल्व्ह, वीज सगळं ठीक होतं. चार वॅट आणि ८५ डेसिबलचा स्पीकर यांची सोयरीकच चुकली होती.

हे असं का जुळेनासं झालं

१९३०च्या दशकात बोलपट रुळला तेव्हा थिएटरच्या ॲम्पमध्ये आजच्या मानाने चिमूटभर वॅट असायचे. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३०० बी हा प्रसिद्ध व्हॉल्व्ह त्याच काळातला, आणि एकटा वापरला तर तो आठेक वॅट देतो. तेवढ्यात शेकडो माणसांचं सभागृह भरायचं होतं. मग सगळी करामत स्पीकरवर आली: आवाज काढणारे मोठे कागदी पडदे, दांडगी चुंबकं, माणसाएवढे हॉर्न, म्हणजे कर्णे. पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून घराच्या कोपऱ्यात ठेवायचा हॉर्न विकायला सुरुवात केली, तो एका वॅटला १०५ डेसिबलच्या घरात जातो.

पुढे १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी ॲकॉस्टिक रिसर्चचा पहिला स्पीकर काढला. छोट्या बंद खोक्यातून आश्चर्य वाटावं असा खोल खर्ज. किंमत मोजली ती कार्यक्षमतेने. ट्रान्झिस्टर आले आणि वॅट स्वस्त झाले, तशी ती किंमत कुणाला जाणवेनाशी झाली. आज दुकानात दिसणारे बहुतेक देखणे, सडपातळ स्पीकर त्याच वाटेचे वारसदार आहेत. ते वाईट नाहीत. भरपूर वॅट गृहीत धरून जन्मलेले आहेत, इतकंच.

केएलएच या स्पीकर कंपनीतल्या ‘एच’चे धनी जे. अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो: लहान खोकं, खोल खर्ज आणि उच्च सेन्सिटिव्हिटी या तिन्हींतली दोनच एका वेळी मिळतात. हा भौतिकाचा हिशेब आहे, कारागिरीने टळत नाही. कितीही महाग स्पीकर घ्या, तिघांतल्या एकावर पाणी सोडावंच लागतं. मामांच्या प्रकरणात मला खरा निर्णय इथेच करायचा होता. सोडायचं काय?

उत्तर मला रेकॉर्डच्या कपाटात मिळालं. पुरुष गायकाचा सा बहुधा काळी एकच्या आसपास, म्हणजे १३८ हर्ट्झ. तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झ. डग्ग्याची घुमारही साधारण त्या टापूत. स्त्री-गायिकेचा सा याच्याही वर. म्हणजे मामांच्या तीनशे रेकॉर्डमध्ये ५५ हर्ट्झच्या खाली संगीत म्हणावं असं जवळपास काहीच नाही, असली तर टर्नटेबलची घरघर. जो खर्ज कपाटातच नाही त्यासाठी गोड बोलणारा छोटा ॲम्प का गुदमरवायचा? खोल खर्ज सोडला. खोकं मोठं होऊ दिलं. बदल्यात सेन्सिटिव्हिटी घेतली.

ऑर्गन किंवा आजच्या चित्रपटसंगीताचा इलेक्ट्रॉनिक खर्ज ऐकणाऱ्याला मी हाच सल्ला देणार नाही. त्याचं कपाट वेगळं, त्याचा निर्णयही वेगळा.

पहिला प्रयत्न, जो फसला

घाई माझी होती. लग्न-मिरवणुकीला साहित्य पुरवणाऱ्या एका विक्रेत्याकडून पंधरा इंची वूफर आणि वर हॉर्न असलेली जोडी चाचणीसाठी आणली. पट्टीवर ९८ डेसिबल. वॅटचा प्रश्न एका क्षणात संपला, ॲम्पची कळ आठच्याही मागे. पण गळा पोकळ आणि शब्दांना धार. “स,” “श” कानात टोचत होते. मोजून बघितलं तर ९८ हा आकडा वरच्या पट्टीतला होता, दोन-तीनशे हर्ट्झपाशी, जिथे गळ्याचं अंग असतं, तिथे तो ९२-९३ वर उतरलेला. मैदानात हजार माणसांपर्यंत शब्द पोचवायला बनवलेली ती वस्तू, तीन मीटरवरच्या तानपुऱ्यासाठी बनवलेली नाही. पट्टीवरचा एक आकडा बघून स्पीकर निवडू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आणि स्वतः तेच केलं.

त्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट उघडी पडली, आणि तिच्यासाठी मी त्या जोडीचा ऋणी आहे. रेकॉर्ड उचलली की खोलीत एक बारीक घुंऽऽ उरायचं. आधीच्या स्पीकरवर ते कधी ऐकूच आलं नव्हतं. ॲम्पच्या तोंडाशी मोजलं तर तीन मिलिव्होल्ट. ८ ओहमवर हे एका वॅटच्या साठ डेसिबल खाली येतं. म्हणजे ८५ च्या स्पीकरवर एक मीटरवर २५ डेसिबल, घरातल्या शांततेत बुडून जाणारं. ९६ च्या स्पीकरवर तेच ३६, आणि सोलापुरात रात्री अकरानंतर मागच्या पेठेतला यंत्रमाग थांबला की ते स्पष्ट ऐकू येतं. सेन्सिटिव्ह स्पीकर गाण्याबरोबर ॲम्पचे दोषही तितक्याच प्रेमाने मोठे करतो. कमी वॅटच्या वाटेला जाणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

ॲम्प उघडायचा म्हणताना मामा थोडे अस्वस्थ झाले. आत मित्राच्या हातची सोल्डरिंग होती, ठिकठिकाणी पेन्सिलीने लिहिलेले आकडे. “तिकडचं काय खोडू नको बे,” ते दोनदा म्हणाले. मी मूळ मांडणीला हात लावला नाही. फिल्टरमध्ये एक चोक आणि एक कॅपॅसिटर वाढवला, ईसीसी ८३ च्या फिलामेंटला एसीऐवजी डीसी दिलं, आणि ग्राउंडच्या सगळ्या तारा दोन ठिकाणांऐवजी एकाच बिंदूवर आणल्या. सगळ्यात मोठा फरक या शेवटच्या कामाने पडला. तीनवरून ०.६ मिलिव्होल्ट. चौदा डेसिबलची घट.

बारा इंची

दुसऱ्या खेपेला आधी गरज लिहिली, मग वस्तू शोधली. बारा इंची वूफर, हलका कागदी पडदा, कडेला रबराऐवजी घडीचं कापड, मोठं चुंबक, अनुनाद ४५ हर्ट्झच्या जवळ, सेन्सिटिव्हिटी ९६, आणि ती गळ्याच्या पट्टीतही ९६. पाच इंची पडद्याच्या मानाने बारा इंचीचं हवा ढकलणारं क्षेत्र जवळजवळ सहापट. वजन त्या प्रमाणात वाढत नाही. सेन्सिटिव्हिटी येते ती इथून. तरी किती कमी विजेचा आवाज होतो तेही सांगतो: ११२ डेसिबल म्हणजे शंभर टक्के असं धरलं तर ९६ चा स्पीकर अडीच टक्के विजेचा आवाज करतो आणि ८५ चा अवघा ०.२ टक्का. बाकी सगळी उष्णता.

वरच्या सुरांसाठी एक इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नच्या अरुंद टोकाला बसणारा छोटा स्पीकर) आणि लाकडी हॉर्न. हॉर्नबद्दल लोकांच्या मनात कर्कश्शपणाची अढी असते, मामांच्याही होती. मी त्यांना आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आठवायला सांगितला. वीज नाही, व्हॉल्व्ह नाही, सुईची थरथर तेवढी, आणि तरी अंगण भरायचं. इवलासा पडदा उघड्या हवेत हलला की हवा त्याच्यासमोरून निसटून जाते. त्याच्या तोंडाशी अरुंद नळी ठेवली की हवेला पकड येते, आणि नळी हळूहळू रुंदावत नेली की ती पकड न सोडता बाहेरच्या हवेत मिसळते. सनईच्या, तुतारीच्या तोंडाची गोष्ट हीच. कर्कश्शपणा येतो तो तोंडाचा आकार चुकला किंवा ड्रायव्हरला झेपत नाही इतक्या खालचा सूर त्याला दिला की.

आमचा क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि हॉर्न यांच्यात सूर वाटून देणारी जोडणी, १,६०० हर्ट्झला. ड्रायव्हर १०७ डेसिबलचा, म्हणून रोधांची जोडी घालून त्याला अकरा डेसिबल खाली आणावं लागलं. त्याचा एक फायदा झाला, ॲम्पला दिसणारा भार त्या पट्टीत सरळ राहिला. व्हॉल्व्हच्या ॲम्पचा अंतर्गत रोध जास्त असतो. स्पीकरचा रोध कमी-जास्त झाला की त्या सुरांचा जोरही त्याबरोबर कमी-जास्त होतो. वूफरच्या कॉइलमुळे वरच्या बाजूला चढणारा रोध एक कॅपॅसिटर आणि एक रेझिस्टर घालून सपाट केला. हे दोन सुटे भाग मिळून दोनशे रुपयांचेही नसतात, आणि गळा त्यांनीच जागेवर आला.

खोकं शंभर लिटर, १९ मिलिमीटरच्या प्लायचं, समोर पोर्ट, म्हणजे हवेला मोकळी वाट, ५० हर्ट्झला जुळवलेलं. सुताराने आधी “धान्याची कणगी करायलाय का काय?” विचारलं, मग मापं मिलिमीटरपर्यंत अचूक दिली. आत बारा-बारा इंचांवर आडव्या पट्ट्या, तीन भिंतींना जुन्या गादीचा कापूस. खर्च दोन्ही बाजूंचा मिळून छत्तीस हजारांच्या आसपास गेला, त्यात सुताराचे आणि प्लायचे अकरा.

मामीचा आक्षेप

तो रास्त होता आणि त्याचं उत्तर डेसिबलमध्ये देता येत नव्हतं. अकरा फुटांच्या भिंतीला दीड-दीड फुटांची दोन खोकी लावली तर दिवाण कुठे जाणार, आणि गड्ड्याच्या जत्रेला माणसं आली की बसणार कुठे? मामीने स्वतःच दिवाण समोरच्या भिंतीला नेला. खोकी भिंतीपासून फूटभर पुढे आली, त्यांची तोंडं अशी वळवली की दोन्ही हॉर्नच्या रेषा मामांच्या खुर्चीच्या थोड्या पुढे एकमेकींना छेदतात. खुर्चीतून बाजूला सरकून दिवाणावर बसलं तरी गाणं एका बाजूला ढळत नाही.

टाळी वाजवली की त्या खोलीत टर्रर असा उत्तरध्वनी यायचा. शहाबादी फरशी, समोरासमोर उघड्या भिंती. खाली जाड सतरंजी घातली. खुर्चीमागच्या भिंतीवर मामीने जड सोलापुरी चादर दुहेरी घडी करून, भिंतीपासून दोन इंच सोडून, लाकडी दांड्यावर टांगली. चादर खालच्या सुरांना काही करत नाही, पण वरची टर्रर बरीच मेली. खोलीला ती शोभतेही. मोराची आहे.

आता

जुळणी झाल्यावर मीटर पुन्हा त्याच खुर्चीपाशी ठेवला, रेकॉर्ड तीच, सरासरी तीच, ७८. ॲम्पमधून आता जातात सरासरी ०.०४ वॅट. चाळीस मिलिवॅट. समेवरच्या ठोक्याला, जिथे वीस वॅट लागले असते, तिथे दीड-पावणेदोन. ऑसिलोस्कोपवर शिखर पाच व्होल्टपाशी गोल राहतं, आठच्या छपरापर्यंत पोचतच नाही. ॲम्प तोच, व्हॉल्व्ह तेच.

मी अपेक्षा केली नव्हती अशी एक गोष्ट झाली. मामा आवाज कमी करून ऐकू लागले. आधी रात्री साडेदहानंतर आवाज उतरवला की गाणं अंधुक व्हायचं म्हणून ते बंदच करायचे. आता साठ-बासष्टवरही तानपुरा वेगळा उभा राहतो. याचं पूर्ण श्रेय मी स्पीकरला देत नाही, ॲम्पची भुणभुण गेली, चादर लागली, पंखा दोनवर आला. पण मामी आतून, भाकरी थापता थापता, चिजेचे शब्द सांगते, आणि ते आधी होत नव्हतं.

उरलेल्या अडचणीही आहेत. वीज गेली की इन्व्हर्टर चालू होतो आणि त्याची चौकोनी लाट ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये गुरगुरते. जुन्या स्पीकरवर ती कळत नव्हती, आता कळते. इन्व्हर्टर बदलेपर्यंत मामा भारनियमनात रेकॉर्ड लावत नाहीत. उन्हाळ्यात ईएल ८४ ची काच हात लावण्यापलीकडे तापते, ॲम्पच्या वरची फळी काढून जागा मोकळी केली आहे. माझा मुलगा त्याची हल्लीची गाणी तिथे लावून बघतो आणि खालचा दणका नाही म्हणतो. त्याचं बरोबर आहे, तो आम्ही जाणूनबुजून सोडला.

जुनी बुकशेल्फ जोडी मामांनी त्यालाच दिली. ती आता जुळे सोलापुरात, त्याच्या टेबलावर, साठ वॅटच्या ट्रान्झिस्टर ॲम्पला जोडलेली आहे. अंतर हातभर. तिथे ती अतिशय सुंदर वाजते.